रोपवाटिकेत उतरलेलं विमान

१

सकाळचं ऊन अजून कोवळं होतं, तेव्हा पिवळी खाली आली. धावपट्टीवर नाही, गुलाबाच्या रोपांत आली.

पिवळी म्हणजे फ्लाइंग क्लबचं जुनं, दोन आसनांचं विमान. त्या सकाळी ते जमिनीवरून छान उचललं गेलं, कुंपणावरून गेलं, आणि तिथे त्याचं इंजिन गप्प झालं. खोकलं नाही, धुरकटलं नाही. गाणाऱ्या बाईने ओळीच्या मधेच तोंड मिटावं, तसं मिटलं. खाली रोपवाटिका होती. पिवळीचं नाक पहिल्या बांधावर आपटलं, मग ती वाफ्यांवरून पोटावर सरकत गेली आणि शेवटच्या वाफ्यात, हिरव्या जाळीत पंख गुंतवून बसली. आग लागली नाही. आत एकटीच एक तरुण वैमानिक मुलगी होती. पाय मोडला, पण जीव वाचला.

चौकशीला एक बाई आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, बोलणं कमी आणि ऐकणं फार. क्लबच्या व्यवस्थापकांनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं.

"खिडकी लावा हो, धूळ येतेय," ते शिपायाला म्हणाले, "आणि पंखा लावा." शिपायाने दोन्ही कामं केली आणि गेला.

"बाई, तुमचं काम मी अर्धं करूनच ठेवलंय. चूक कबूल झालेली आहे."

"कोणी केली?"

"तीच तर गंमत. दोघांनी केली. आमचा मिस्त्री म्हणतो माझी चूक, मुलगी म्हणते माझी. मामा-भाची आहेत ते. आई गेल्यावर त्यानेच वाढवली तिला." व्यवस्थापकांनी टेबलावरची धूळ बोटाने पुसली. "आता तुम्ही एकाचं नाव घाला आणि सोडवा आम्हाला. तिचं घातलंत तर तिचं उडणं संपलं. त्याचं घातलंत तर त्याने पाना खाली ठेवायचा. मला दोन्हीचं वाईटच वाटेल, पण दोनदा वाटण्यापेक्षा एकदा वाटलेलं बरं."

"आणि दोघांचीही कबुली चुकीची निघाली तर?"

व्यवस्थापक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या उठून शेडमध्ये गेल्या. तिथे पिवळीला आणून ठेवलं होतं, मोडक्या पंखांवर ताडपत्री घालून. आजारी माणसाला पांघरूण घालावं, इतक्या हळुवारपणे कोणीतरी ती घातली होती.

मिस्त्री मामा बाजूला उभे होते. हातात फडकं, पण हात पुसत नव्हते.

"आदल्या संध्याकाळी गाळणी खोलली," ते म्हणाले. "पेट्रोल गाळून इंजिनात जातं ना, ती. खोलण्याआधी कॉक लावला, जाळी धुतली, सकाळी परत बसवली. कचरा राहिला असणार. दुसरं काय? माझ्याच हाताने केलं मी."

बाईंनी गाळणी उघडून उजेडात धरली. जाळी नव्या चाळणीसारखी लख्ख होती. निघताना टाकीत पेट्रोल अर्ध्याच्या वर असल्याची नोंद होती. इंजिन तपासनिसांनी वेगळं काढून चालवून पाहिलं होतं, ते सुरात चाललं होतं. पेट्रोलचा कॉक आसनांच्या मागे, खाली फरशीवर. त्याला लाल दांडा. दांडा नळीच्या रेषेत उभा असला की पेट्रोल वाहतं, नळीला आडवा केला की थांबतं. कधीकाळी तिथे अक्षरं होती, ती बुटांनी पुसून गेलेली. दांडा उभा होता.

"आणि कॉक?" बाईंनी विचारलं.

"उघडाच सापडला ना, बाई," मामा म्हणाले. "तुमच्या लोकांनी फोटोही काढलेत."

त्या दांड्यालगतच एक मोबाइल फोन पडलेला मिळाला होता, काच तडकलेला. मुलीचा. बाकी सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी इंजिन बंद पडलं होतं.

२

"या, बघा! डोळे भरून बघा!" रोपवाटिकेच्या मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आभाळ एवढं मोठं, धावपट्टी एवढी लांब, आणि यांना उतरायला माझेच गुलाब सापडले."

"पोरगी वाचली तुमच्यामुळे," बाई म्हणाल्या.

"माझ्यामुळे कसली, जाळीमुळे." पण मालकीणबाईंचा आवाज ओला झाला. "मीच पहिली पोचले हो ताई. आत बघते तर पोर पट्ट्यात अडकलेली, मान कलंडलेली, एक हात मागे खाली सोडून नुसती चाचपडतेय. आणि तोंडाने एकच, 'लावा, लावा.' म्हटलं, लावते गं बाई, लावते. मग धावत घरात आले, अग्निशमनवाल्यांना फोन लावला. परत जाऊन बघते तर पेट्रोलचा हा वास! डोकं गरगरलं. माझा माळी आणि मी, दोघांनी ओढून काढली तिला. आग लागली असती तर आज तुम्ही माझीही चौकशी करत असता."

"पहिल्यांदा गेलात तेव्हा वास नव्हता?"

मालकीणबाई थबकल्या. "नव्हता की. मातीचा होता, मोडलेल्या पानांचा होता. पेट्रोलचा नंतर."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पहिल्या बांधाच्या दगडावर पिवळ्या रंगाचा ओरखडा होता, आणि त्याच्या पायाशी मातीत तुटलेल्या नळीचा तुकडा. म्हणजे पेट्रोलची नळी इथेच, पहिल्याच धक्क्याला तुटली. इथून पुढे पिवळी तुटकी नळी घेऊन वाफ्यामागून वाफा सरकत गेली होती.

बाई त्या वाटेने चालू लागल्या. चिरडलेली रोपं होती, मुळं वर आलेली होती. पण ज्यांना मातीने धरून ठेवलं होतं ती हिरवीगार, नवी लालसर पालवी फुटलेली. शेवटच्या वाफ्यापाशी मात्र पानं करपून काळी पडली होती. जिथे पिवळीचं नाक टेकलं होतं, नेमकी तिथेच.

"हा एवढाच वाफा जळला?"

"पेट्रोलने. बाकीचे वाचले, देवाची कृपा."

बाई करपलेल्या पानांशी वाकल्या. देवाचं काही त्यांना माहीत नव्हतं, पण नळी तुटली की पेट्रोल सांडतं हे माहीत होतं. मग विमान सरकत होतं तेव्हा ते का सांडलं नाही? आणि विमान थांबल्यावर, उशिराने, कुठून वाहू लागलं?

३

इस्पितळातली खोली स्वच्छ आणि पांढरी होती, आणि मुलगी तिच्यात रागावल्यासारखी बसली होती. पाय प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला.

"मी घाबरले," बाईंनी विचारायच्या आतच ती म्हणाली. "इंजिनाची ताकद मीच कमी केली. समोरचा दांडा मागे ओढला. चुकून. लिहून घ्या."

"लिहीन की. तो दांडा आम्हाला पूर्ण पुढे ढकललेला सापडला. पुढे ढकललेला असतानाच वाकलाय." बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "तू तो शेवटपर्यंत पुढे रेटत होतीस. इंजिन चालावं म्हणून. हो ना?"

मुलगी खिडकीबाहेर बघू लागली.

"खोटं बोलायला वेगळं शिक्षण लागतं गं," बाई म्हणाल्या. "ते तुला कोणी दिलेलं दिसत नाही. मामांना वाचवतेस?"

"वाचवायचं काय त्यात? मामांचा हात चुकत नाही."

"मग कोणाचा चुकला?"

"माझाच म्हणा. मला दुसरं काही येईल. मामांना दुसरं काही येत नाही." मग अगदी बारीक आवाजात तिने विचारलं, "ते शेडमध्ये भेटले का तुम्हाला? जेवलेबिवले होते का? मामी डबा आणते रोज. ते आले नाहीत एकदाही."

बाईंना जाणवलं की मोडलेल्या पायापेक्षा हे जास्त दुखत होतं.

"पेट्रोलचा कॉक तू पाहिलास का निघण्याआधी?"

"पट्टे बांधल्यावर तिथे हात पोचत नाही. मी हाक मारून विचारून घेतलं होतं. तो लावलेला होता."

"आणि खाली पडल्यावर काय झालं, आठवतं?"

"नाही. फक्त..." तिने कपाळाला आठ्या घातल्या. "काहीतरी शोधत होते मी. सापडत नव्हतं. एवढंच."

४

मामांचं घर दोन खोल्यांचं. दिवस कलला होता. मामा मागच्या पायरीवर पाठ करून बसले होते, आणि मामी दोरीवरून काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"बसा बाई. ते काही बोलायचे नाहीत. तोंडाला कुलूप लावून बसलेत त्या दिवसापासून," मामी मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या. "तिकडे पोर दाराकडे डोळे लावून बसलीय. अन् इकडे हे! मी आपली मधल्यामधे डबे वाहतेय. अहो, ऐकताय का?"

मामींनी एका सदऱ्याची घडी जोरात दाबली.

"काय तोंड दाखवू म्हणतात. लहानपणी पोरगी यांच्या पाठीवर बसून म्हणायची, मामा, उडा. हे उडायचे. अंगणभर! आता तीच खरी उडायला लागली, तर यांच्या हाताने पडली म्हणे." मामींनी एक पिवळी ओढणी हातात घेतली आणि तिची घडी मात्र घातली नाही, मांडीवरच ठेवली.

वारा सुटला. कपड्यांचा ढीग फडफडला. मामी उठल्या, भिंतीवरचं बटण दाबून दिवा केला, मग वाऱ्याने आपटणारं पुढचं दार ओढून घेतलं. आणि हे सगळं करताना, स्वतःशीच, पीठ चाळावं इतक्या हलक्या लयीत गुणगुणल्या:

"दिवा गं लाविला, दार लाविलं वाऱ्याला
किती लावू जीव, माझ्या उडत्या पाखराला."

"छान आहे," बाई म्हणाल्या. "कुठलं?"

"कुठलं काय, माझंच. पोर पहिल्यांदा एकटी उडाली ना, त्या दिवशी जुळलं. येता-जाता तोंडात येतं."

बाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. त्यांनी दिव्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. दिवा लाविला, आणि उजेड सुरू झाला. दार लाविलं, आणि वारा बंद झाला.

"मामी, परत म्हणा ना एकदा."

मामी लाजल्या, पण म्हणाल्या. बाईंच्या कानात दुसरेच आवाज उठले. खिडकी लावा हो, आणि पंखा लावा. खोलण्याआधी कॉक लावला. मी विचारून घेतलं होतं, तो लावलेला होता. आणि त्या सगळ्यांच्या मागून, मोडलेल्या पानांच्या वासातून, एक अर्धवट शुद्धीतला आवाज: लावा, लावा.

बाई ताडकन उठल्या. "मामा," त्यांनी पायरीवरच्या पाठीला हाक मारली, "उद्या सकाळी तुम्हाला इस्पितळात यावं लागेल. चौकशीचं काम आहे, नाही म्हणता येणार नाही."

पाठ हलली, पण वळली नाही.

५

"ताई, तुम्ही परत?" मालकीणबाई रोपांना पाणी घालत होत्या. सकाळ नुकतीच उजाडली होती. "आता काय राहिलं?"

"एकच विचारायचंय. पोरगी म्हणाली, लावा. तुम्ही म्हणालात, लावते. तुम्ही काय लावलंत?"

"फोन लावला की."

"तो घरात येऊन. त्याआधी? तिथे, विमानापाशी?"

"त्याआधी तो खटका लावला," मालकीणबाई सहज म्हणाल्या. "लाल दांड्याचा. तिचा हात तिथेच तर चाचपडत होता. लावा म्हणाली, मी लावला. तुमच्या माणसांनी मला विचारलं, काही उचललं का, काही हलवलं का. मी काही उचललं नाही बाई. कडी लावणं म्हणजे काय उचलणं आहे?"

"कसा लावलात? दाखवा बघू."

मालकीणबाईंनी पाण्याची झारी खाली ठेवली आणि जाळीघराच्या दाराशी गेल्या. "ही माझी कडी. आडवी असली की दार मोकळं, उभी केली की लागलं. त्यांचा खटकाही आडवाच होता, म्हटलं हाही तसाच असणार. दिला उभा करून." त्यांनी कडी उभी केली. दार घट्ट बसलं. "का हो? चुकलं का काही? पोरीचं काही बिघडलं नाही ना माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे बिघडलं नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे फक्त दिसेनासं झालं होतं."

शेवटच्या वाफ्यातली करपलेली पानं सकाळच्या वाऱ्यात हलत होती. आता ती बोलल्यासारखी वाटत होती.

६

मामा खोलीच्या दारातच उभे राहिले. आत मुलीने मान वर केली, आणि लगेच खाली घातली. मामी दोघांच्या मधे डबा घेऊन उभ्या. बाईंनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. पिवळीचा कॉक. लाल दांडा अर्ध्यावर, धड उभा नाही, धड आडवा नाही, असा.

"मामा, आत या. हा कॉक लावा."

"आत्ता? इथे?"

"लावा हो."

मामा आले. सवयीच्या हाताने त्यांनी दांडा फिरवला. आडवा.

बाईंनी तो पुन्हा अर्ध्यावर आणला आणि मुलीपुढे धरला. "आता तू. कॉक लाव."

मुलीने दांडा फिरवला. उभा.

मामांनी वाकून दांडा पाहिला. मग पुटपुटले, "अगं... हा तर उघडा झाला."

"हो. बाई लाव म्हणाल्या ना," मुलगी म्हणाली. "गॅस लावतात, मोटर लावतात, तसा..." आणि तिथेच तिचा आवाज अडला.

"मामा, तुमच्या तोंडी लावणं म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"मिटणं. बूच लाव, झाकण लाव, कॉक लाव. उभा जन्म तसंच म्हणत आलो." ते पलंगाच्या कडेला बसले. 

"त्या सकाळी तुम्ही नाकापाशी गाळणीचं झाकण आवळत होतात. ही आत होती. तुम्हाला ही दिसत नव्हती आणि हिला तुम्ही. हिने हाक मारून विचारलं, मामा, कॉक लावला ना?"

"मी म्हटलं, लावला." मामांचा आवाज खोल गेला. "मला वाटलं, ही अजून विमानाच्या पायरीवर उभी आहे. बंद आहे म्हटल्यावर उघडेल आणि मग बसेल. मग इंजिन सुरू झालं. म्हटलं, सुरू झालं म्हणजे उघडला असणारच."

"आणि मला वाटलं, चालू आहे," मुलगी म्हणाली. "एरवी तो कायम उघडाच असतो. गाळणी खोलली होती म्हणून विचारलं फक्त."

"नळीत आणि इंजिनाच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर पिवळी उठली, कुंपणापर्यंत गेली. तिथे ते संपलं." बाई सावकाश सांगत होत्या. "पहिल्या बांधावर नळी तुटली, तरी वाफ्यांत थेंब सांडला नाही, कारण कॉक बंद होता. सांडलं ते विमान थांबल्यावर, कारण मालकीणबाईंनी कॉक उघडला. बंद करतोय असं समजून. म्हणून आम्हाला तो उघडा सापडला, आणि तुम्ही दोघं आपापल्या मनात नसलेली चूक शोधत बसलात."

"पण त्यांनी हात का लावला त्याला?" मामींनी विचारलं.

"ही लावा, लावा म्हणत होती, आणि हात त्या दांड्यापाशी चाचपडत होता. दांड्यापाशी काय होतं, आठवतं का गं?"

मुलीने डोळे मिटले. मग उघडले तेव्हा ते भरले होते. "फोन. माझा फोन तिथे घरंगळला होता." ती पहिल्यांदा सरळ मामांकडे बघून बोलली. "मामांना फोन लावा, असं म्हणत होते मी. मामांना फोन लावा."

मामांनी तोंडावर फडकं धरलं. ते तेलाचं होतं. काढलं तेव्हा गालावर काळा पट्टा उमटला होता, आणि त्या पट्ट्यातून पाण्याची वाट.

"आणि मी आलोच नाही," ते म्हणाले.

"आता आलात ना. तोंड काळं करूनच आलात," मुलगी रडता रडता हसली.

बाईंनी कॉक पुन्हा फडक्यात गुंडाळला. त्या मुलीला म्हणाल्या, "मी गोड गोड लिहिणार नाही. पट्टे बांधण्याआधी तुझा हात त्या दांड्यावर जायला हवा होता. विचारून घेणं म्हणजे बघणं नव्हे. एका वरिष्ठ वैमानिकाच्या शेजारी बसून पुन्हा थोडं शिकावं लागेल, मग उडशील. आणि मामा, कॉक बंद ठेवून विमानापासून हलायचं नाही, हे तुमच्या नावावर लिहीन. पाना खाली ठेवायची गरज नाही. लाल दांड्यापाशी ठळक अक्षरं काढा, पुसणार नाहीत अशी. आणि क्लबात एक नियम घालायला सांगेन. विमानाच्या कुठल्याही भागाबद्दल 'लावला' म्हणायचं नाही. उघडा म्हणा, नाहीतर बंद म्हणा."

"आणि माझं गाणं?" मामी म्हणाल्या. "त्यात तीन-तीनदा आहे ते."

"ते राहू द्या तसंच. त्याच्यावर विमान चालत नाही."

बाई निघाल्या. पाठीमागे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला, आणि मामी मामांना दटावत होत्या, आधी हात धुवा, मग पोरीला भरवा.

बाहेर आल्यावर त्यांनी खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. पूर्ण मिटायच्या आधी फटीतून मुलीचा आवाज आला, "मामा, उकडतंय. पंखा लावा ना."

बटणाकडे जाणारी पावलं वाजली.

"नीट सांग पोरी," मामा म्हणाले. "चालू करू, की बंद?"

आणि मग आत तिघंही एकदम हसले.